मनीचा दात

'आई, रक्त दिसलं तरी मनीचे दात घासायचं सोडू नकोस,' असं तू गावाला जाताना बजावलं होतंस. मी सोडलं. मुक्या जिवाला दुखवायचं नाही, हा माझा नेम आडवा आला. तू फोनवर विचारलंस, तेव्हा मात्र धडधडीत खोटं बोलले, 'रोज घासते गं.' हातात जपमाळ होती. आता मनीची हिरडी सुजलीय, दोन दिवस तिने अन्नाला तोंड लावलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, दात काढावाच लागेल. तू आलीस की जेवून घे, भाजी झाकून ठेवलीय. रागाव, पण उपाशी राहू नकोस. 'गुंगी येईपर्यंत तुझ्या पाठीवर हात ठेवेन,' असं मनीला कबूल केलंय. तिला टोपलीत घेतलंय, निघते.

– आई