साहेबाचं पोट

६ जून
साहेब उलटा! सकाळी बघते तर पोट वर, कल्ले जेमतेम हलतायत. पोट टम्म फुगलंय. बाबांना दिसू नये म्हणून टाकीवर टॉवेल टाकला — तर तो ओढून म्हणतात, "साहेब उठले नाहीत का अजून?"

मला काल "नर्सबाई" म्हणाले. दादाला तर फोनवर ओळखतच नाहीत. पण आई गेल्यावर आणलेल्या या सोनेरी माशाचं नाव एकदाही चुकलेलं नाही. ऑफिसात राउंड मारल्यासारखा टाकीत फिरतो म्हणून साहेब. नाव बाबांनीच ठेवलं. हा गेला तर — नको, लिहीत नाही.

७ जून
माशांच्या दुकानातल्या माणसाला व्हिडिओ दाखवला. "ताई, याला कुणीतरी सारखं चारतंय. आता काही दिवस कडक उपास. पण खरं सांगू? आशा कमीच."

कुणीतरी! बाबा घालतात, विसरतात, पुन्हा घालतात. खाण्याचा डबा कपाटात कुलूपबंद केला.

८ जून
पाण्यात बिस्किटाचा चुरा.

९ जून
आज टोस्ट. हात धरला तर अंगावर आले — "उपाशी मारतेस त्याला? तुझ्या बापाचं काय जातं?"

बापाचंच जातंय, बाबा! आधी हसू आलं, मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

११ जून
साहेब तळाशी आडवा. पाणी गढूळ. मी कामाला जाते त्या चष्म्याच्या दुकानात चित्त नाही — एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. मालकांनी सगळ्यांदेखत झापलं.

दादाला फोन केला. "मासाच तो! दुसरा आण. बाबांना काय कळणार आहे?" कळतं! त्यांना तेवढं एकच कळतं! फोन ठेवून दिला.

मी कामावर गेल्यावर पहारा कोण देणार? शेवटी बाबांसमोर हात जोडले. "थोडे दिवस त्याला काही देऊ नका हो." त्यांनी मान डोलावली. डोलावतात, नेहमीच. मी पाणी बदललं आणि झोपले.

१३ जून
पाणी स्वच्छ. चुरा नाही. कसं काय?

१४ जून
आजही नाही. आणि साहेब — तिरका का होईना, वर आला! फार वेळ बघत नाही. माझीच दृष्ट लागायची.

१६ जून
सरळ! पोट उतरलं, शेपटी ताठ, राउंड सुरू! माशांच्या दुकानातला माणूस चाट पडला. "मी तर सोडून दिलं होतं. काय केलंत?"

मी कुठे काय केलं? बाबांनी केलं! माझं ऐकलं, लक्षात ठेवलं! कितीतरी महिन्यांनी एक गोष्ट त्यांच्या डोक्यात टिकली. दादाला मुद्दाम फोन करून ऐकवलं. तोही म्हणाला, "खरंच?" खरंच!

उद्या डबा बाबांच्याच हातात देणार. तो मान त्यांचा.

१७ जून
डबा दिला. झाकण उघडून त्यांनी वास घेतला. "हे कशाचं?"

मी टाकीकडे बोट दाखवलं.

"छान आहे हो मासा. तुमचा का?"

साहेब कधीचा त्यांच्यासमोर काचेला येऊन थांबला होता.