माझा बाण मीच हलवीन

२४ सप्टें.
आज पुन्हा बाण आपोआप हलला. मी चहाचा कप घेऊन बसलेली, माऊसला हातही नाही, आणि पडद्यावरचा बाण तुरुतुरु चालत लाइट बिलाच्या पानावर गेला. बिल भरलं. मग उगाच इकडेतिकडे हिंडला. सुगंधा फरशी पुसत होती, तिने बघितलं.
"आवो बाई, ह्यो बान कोन हलवताय? तुमचा हात तर कपाला हाय!"
म्हटलं, निखिल हलवतोय. पुण्यात बसून. तिने आधी पदर सावरला, मग पुसायला लागली.
हे गेले तेव्हा मीच निखिलला म्हटलं होतं, बाबा रे, बिलं, बँक, पेन्शन सगळं तूच बघ, माझं डोकं चालत नाही. त्याने दुरून चालवायचं कुठलंसं सॉफ्टवेअर घालून ठेवलं. तेव्हा खरंच चालत नव्हतं. आता चालतं. हे त्याला सांगायचं राहून गेलं.

२६ सप्टें.
नि.चा फोन. "आई, हे पेइंग गेस्टचं काय काढलंयस?"
कुणाला बोलले नव्हते. दापोलीकडच्या दोन मुली, इथे नर्सिंगला आहेत, वरची खोली मिळेल का विचारून गेल्या. म्हणून काल पाटी टाइप करून ठेवली होती: 'शिकणाऱ्या मुलींसाठी खोली. जेवणाची सोय.' छापलीसुद्धा नव्हती.
"अगं, डेस्कटॉपवरच होती. दिसली."
दिसली म्हणे! उघडल्याशिवाय दिसते?
पुढचं असं की, तुला कशाला हा ताप, दिवाळीनंतर घर बंद कर, चार महिने इकडे ये. आवडलं तर राहा. जन्मभर गणित शिकवलंय मी, पुढची पायरी कळते मला.
हे वहीत लिहितेय. भिंतीला कान असतात म्हणतात. माझ्या पडद्याला डोळे आहेत.

२९ सप्टें.
कॉम्प्युटरने वेगळंच टुमणं लावलंय. रोज सूचना येते: तुमच्या विंडोजचा आधार पुढच्या महिन्यात संपतोय. हे मशीन नव्या विंडोजला चालणार नाही. नवं घ्या.
का म्हणून? उत्तम चालतोय. यांनी हौसेने आणलेला, वर टॉवेल घालून झाकून ठेवायचे.
नि.ला सांगितलं. "टाकून दे ना आई. दिवाळीला नवा लॅपटॉप आणतो, सगळं सेट करून." सेट करून म्हणजे त्याचा पासवर्ड घालून.
जुनं झालं, आधार संपला, बंद करा. कॉम्प्युटरबद्दल चाललंय की माझ्याबद्दल, तेच कळेनासं झालंय. टाकणार नाही. काहीही होवो.

२ ऑक्टो. दसरा
नसीमकडे सोनं द्यायला गेले. शाळेत ती कॉम्प्युटर शिकवायची, मी गणित. स्टाफरूममध्ये आम्ही एकाच टेबलाला. निवृत्तही मागेपुढेच झालो. तिने सांदणं पुढे ठेवली, मी माझं रडगाणं.
"ताई, मशीन म्हातारं नाही झालेलं. विंडोज जड झालीय. तिच्याऐवजी लिनक्स घाल. शाळेतली खटारा मशीनं मी त्याच्यावरच चालवली ना? आणि फुकट."
"आणि निखिलचं ते सॉफ्टवेअर?"
"सगळं पुसलं जाणार."
"सगळं?"
"सगळं गं! किती वेळा विचारशील?"
परत येताना रिक्षा केली नाही. चालत आले. चढसुद्धा लागला नाही.

५ ऑक्टो. रवि.
नसीम पेनड्राइव्ह घेऊन आली. आधी फोटो, पेन्शनचे कागद, सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. मग मशीनने विचारलं, जुनं सगळं पुसू का?
नसीमने हात मागे घेतले. "तू दाब. उद्या निखिल मला विचारेल."
दाबलं. आधी बोट दोनदा मागे आलं, खोटं कशाला लिहू.
अर्ध्यावर आलं आणि लाइट गेली. यूपीएस कुईकुई करायला लागला, त्याची बॅटरी आधीच अर्धमेली. दोघींनी आपापल्या देवाला कामाला लावलं. कुणाचा पावला ठाऊक नाही, लाइट आली. नसीम म्हणते तिचा.
शेवटी त्याने विचारलं, तुमचं नाव काय, पासवर्ड काय ठेवता? नसीम उठून खिडकीबाहेर बघत उभी राहिली.
"अगं, तुझ्यापासून काय लपवायचंय?"
"सवय लाव," म्हणाली.
माझा पहिला पासवर्ड. आधीचे सगळे त्याने दिलेले, त्यात गौरीचा वाढदिवस. सूनबाई चांगली आहे, पण तिच्या वाढदिवसाने माझी पेन्शन का उघडावी?

६ ऑक्टो.
पहिलं मत: आवडलं नाही.
काहीही जागच्या जागी नाही. दुसरीच्या स्वयंपाकघरात चहा करायला गेल्यासारखं. गॅस आहे, पातेलं आहे, साखरेचा डबा सापडत नाही. फाइल बंद करायची फुली सापडली, पण ती खालची पट्टी कुठे गेली ती गेलीच. फोटो उघडले तर भलत्याच क्रमाने, निखिलच्या लग्नानंतर निखिलची मुंज.
त्यात वायफाय नाही! नसीम फोनवर, "जुनं कार्ड आहे, तोवर केबल लाव." केबल हॉलच्या राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत पोचेना. सुगंधाने आणि मी टेबलच ओढत हॉलमध्ये आणलं, झोपाळ्याशेजारी.
इथून फाटक दिसतं. कोण आलं, कोण गेलं, कोण कुणाशी थांबून बोललं. आतल्या काळोखात का बसत होते मी एवढी वर्षं?

८ ऑक्टो.
वायफायसाठी नसीमने पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहायला सांगितली. लिहिली. पासवर्ड मागितला. टाइप करते तर एक अक्षर उमटेल तर शपथ. ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड मेला म्हणून उलटा करून आपटला. मुंग्या आणि मागच्या दिवाळीच्या चकलीचा चुरा पडला. तरी नाही.
नसीम फोनवर हसून बेजार. "अगं, तो घेतोय, दाखवत नाही. शेजारी कुणी बघत असेल तर किती अक्षरं आहेत तेही कळू नये म्हणून."
अस्सं! एवढा शहाणा कुणीतरी या घरात हवाच होता. मत थोडं बदललं.
वायफाय लागलं. टेबल मात्र हॉलमध्येच राहणार.
प्रिंटर जोडला, निमूट छापायला लागला. पहिला कागद पाटीचा. फाटकाला लावलीही.

१० ऑक्टो.
ही पहिली नोंद कॉम्प्युटरवर. वही कपाटात. मराठी कीबोर्ड हाताला बसायचाय. क्ष सापडला, बाकीची जोडाक्षरं कूर्मगतीने.
नि.चा फोन आलाच. "आई, चार दिवस ऑफिसात नव्हतो, आज बघतोय तर तुझं मशीन ऑफलाइन."
"मी ऑनलाइन आहे. तू ऑफलाइन आहेस."
सांगितलं सगळं. तो म्हणाला, "लिनक्स? तू? आई, मी याच धंद्यात आहे. मला विचारायचंस तरी."
"पाटी वाचताना तू विचारलंस?"
फोन कुणी ठेवला आठवत नाही. राग होता, आणि थोडी भीतीही. त्याच्याशी अशी कधी बोलले नव्हते.

१४ ऑक्टो.
आज विंडोजचा आधार संपला म्हणे. माझा कॉम्प्युटर चालू आहे. कुळथाची पिठी केली, भात, पापड.

२२ ऑक्टो. पाडवा
काल संध्याकाळी नि. आणि गौरी आले. गाडीतून उतरल्या उतरल्या फाटकावरची पाटी वाचली त्याने. लॅपटॉपचं खोकं टेबलावर ठेवलं.
आज सकाळी पाडव्याचं ताट हातात घेतलं आणि ओवाळायला कोणी नाही हे आठवलं. दर वर्षी तेच होतं. तसंच ठेवून दिलं.
दुपारी नि. कॉम्प्युटरपुढे बसला. "पासवर्ड?"
"नाही सांगणार."
"आई, मी तुझा मुलगा आहे."
"म्हणूनच. परका असतास तर मागितला नसतास."
उठून बाहेर आंब्याच्या कलमांखाली जाऊन उभा राहिला. लहानपणी रुसला की तिथेच जायचा.
गौरी स्वयंपाकघरात मागे मागे आली. म्हणाली, "आई, बाबा गेले तेव्हा तुमचा फोन लागत नव्हता ना. यांना शेजाऱ्यांकडून कळलं. तेव्हापासून ऑफिसला गेले की आधी तुमच्या नावापुढे हिरवा ठिपका आहे का बघतात. मग चहा घेतात."
मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तो बिलं बघतो.
करंजी तळता तळता डोळे भरून आले. तरी पासवर्ड नाही सांगितला. ठिपका बघायला पासवर्ड कशाला? फोन कर. मी उचलते.

२३ ऑक्टो.
मीच तोडगा काढला. तुझं ते सॉफ्टवेअर घाल, पण दर वेळी मला विचारून आत येईल असं.
घातलं त्याने. मध्येच माझा पासवर्ड लागला. म्हटलं, तिकडे बघ. बघितलं त्याने, फाटकाकडे. पाटीच्या मागच्या बाजूकडे बघत बसला.
काम झाल्यावर म्हणाला, "मी नाही वापरणार हे. परवानगी मागून आईच्या घरात कोण येतं?"
मग जाताना हुकमाचं पान टाकलं. "नोव्हेंबरात हयातीचा दाखला कसा देणार? ते अंगठ्याचं यंत्र तुझ्या लिनक्सवर चालत नाही. पेन्शन थांबली की करशील फोन."
"बघू."
गाडी वळेपर्यंत उभी होते. त्याने मागे बघितलं नाही. गौरीने हात केला. लॅपटॉपचं खोकं न उघडता कपाटावर ठेवलं.

३ नोव्हें.
अंगठ्याचं यंत्र लावून बघितलं. लाल दिवा लागतो, त्यापुढे काही नाही. नसीमनेही हात टेकले. निखिलचं खरं ठरलं. चिडचिड झाली. खोक्याकडे एकदा नजर गेली, खोटं नाही सांगत. खुर्चीही ओढली होती काढायला.
नाही काढलं.

४ नोव्हें.
बँकेत गेले. स्वतः.
सगळी पेन्शनर मंडळी रांगेत. कुणाची काठी, कुणाचा गुडघ्याचा पट्टा. माझे जुने हेडमास्तर भेटले, अजून तसेच खेकसतात. पालीहून पहिल्या एसटीने आलेल्या एक बाई होत्या, त्यांनी रांगेतच पेरू कापून वाटला. किती दिवसांनी एवढी बोलले मी.
काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "बाई, हे आता घरबसल्या होतं."
"मला घरी बसायचंच नाहीये."
त्याने वर बघितलं, सही घेतली. मी हयात आहे. स्वतः उभी राहून सांगून आले. पुण्याहून कुणी कळवायची गरज पडली नाही.
रिक्षातून नि.ला मेसेज केला: 'हयात आहे. दाखला दिला. आई.' निळ्या खुणा झाल्या. उत्तर नाही.

९ नोव्हें.
मुली आल्या राहायला. ऋतुजा आणि श्रावणी. ऋतुजा मुरुडची, तिच्या आईने वाडीतले नारळ आणि पिशवीभर सुपाऱ्या दिल्यात, मी सुपारी खात नाही हे तिला कोण सांगणार. दोघी वर खुर्च्या सरकवताहेत.
सुगंधा म्हणाली, "बरा झाला बाई. वर पाय वाजताहेत."
नि.चा फोन नाही. मी केला, गौरीने उचलला. "मीटिंगमध्ये आहेत." रविवारी!
खरं तेच लिहिते, इथे कोण वाचतंय. संध्याकाळी कधी कधी बाणाकडे बघत बसते. हलत नाही. मी हलवला तरच हलतो. हेच हवं होतं मला आणि अजूनही हवंय. पण पूर्वी तो हलला की कळायचं, पोरगा जागेवर आहे, जेवला असेल. ठिपका त्याच्याकडे होता तसा बाण माझ्याकडे होता. माझ्या हे लक्षातच आलं नाही. त्याच्याही नसेल आलं.
पण तेवढ्यासाठी मी जुनं परत घालणार नाही. हेही लिहून ठेवते.

१६ नोव्हें. रवि.
लिनक्सबद्दल आता तक्रार नाही. काल नवं काही उतरवलं त्याने, आधी विचारलं, नंतर बंद करून चालू करायचं का तेही विचारलं. म्हटलं, आत्ता नको. बरं म्हणाला.
सकाळची आंबोळी झाली. मुली वर अभ्यासाला. मी हे लिहीत बसले होते, एवढ्यात पडद्याच्या मधोमध खिडकी आली.
'निखिल आपला पडदा पाहू इच्छितात. परवानगी द्या. नाकारा.'
फोन नाही, मेसेज नाही. परवानगी मागून आईच्या घरात कोण येतं म्हणाला होता, आणि नुसता येऊन उभा राहिलाय.
का आला असेल? ठिपका बघायला? की मुली आल्याचं कळलं म्हणून पुन्हा तेच काढायला, पुणे, चार महिने, आवडलं तर राहा? आत घेतलं तर घरभर हिंडेल. स्वभाव आहे त्याचा, बापासारखा. काही हलवलं तर सांगीन, तिथेच ठेव. पाटी तशीच आहे डेस्कटॉपवर, उघडून वाच म्हणावं.
खिडकी अजून आहे. निघून गेला नाही.
ही फाइल मात्र त्याने बघायची नाही. आधी ही मिटते, मग त्याच्याकडे बघते.