व्हिनेगरवरची साय

४ मार्च
शी! शी! शी! प्रयोगशाळेतल्या नव्या नोकरीचा पहिला दिवस आणि हे! ट्रेमध्ये व्हिनेगर आंबत ठेवलेलं, त्यावर जाड, लिबलिबीत साय धरते. ती उचलायची, धुवायची, चौकोनी तुकडे कापायचे. भाजलेल्या जखमेवर लावायला म्हणे! सर म्हणाले, "जिवाणूंनी विणलेलं कापड आहे हे. ओल धरतं, जखमेला चिकटत नाही." कापड कसलं, शेंबडाची गादी!

५ मार्च
दोनदा न्हाले. वास जात नाही. नवरा उशी घेऊन बाहेरच्या खोलीत!

९ मार्च
प्रयोगशाळेतली भांडी धुणारी मावशी ती साय तळहातावर घेऊन कौतुक करते. "बाळाच्या गालासारखी आहे गं!" मी नाक दाबलं. तर म्हणते, "नाकं मुरडून पोट भरत नाही, बाई."

१४ मार्च
सिंकजवळ एक जुनी बरणी. आत तपकिरी, लोंबतं काहीतरी. बघवेना. ओतलं उकळतं पाणी, सगळं सिंकमध्ये! बरणी घासून पालथी घातली. सुटले!

१५ मार्च
मेले! ते विरजण होतं. सहा वर्षं जपलेलं. त्यातलंच चमचाभर घालून प्रत्येक ट्रे लागतो. सरांनीच काल काढून तिथं ठेवलं होतं. "बरणी कुणी धुतली?" — सर इतके ओरडले की भिंतींनाही धडकी भरावी. धुणं म्हणजे मावशी. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मी तोंड उघडलं आणि मिटलं. नोकरी अजून कच्ची आहे माझी. एका शब्दानं जाईल.
मावशी "नाही" म्हणाली नाही, "हो" पण नाही. माझ्याकडे बघत होती. मी ट्रे मोजायचं नाटक केलं.

१६ मार्च
मावशीला काढलं. अकरा वर्षांची नोकरी! ओले हात पुसत निघून गेली. रबरी चपला कपाटाखालीच राहिल्या.
दुसऱ्या प्रयोगशाळेतून विरजण मागवलंय. ते लागेपर्यंत जुने ट्रे मी धुवायचे. आज साय नुसत्या हातानं उचलली. काही वाटलं नाही. घरी आल्यावर आरशात तोंड बघितलं आणि ओकारी आली. थू माझ्या जिण्यावर!

१८ मार्च
चपला घेऊन मावशीच्या घरी गेले. सगळं सांगायचं ठरवून. चपला उंबऱ्याशी ठेवल्या. तीच म्हणाली, "पाणी ओतताना पाहिलं होतं मी तुला."
"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"
"तू बोलशील म्हणून थांबले होते गं."