आपल्या बांधानं जाऊ नको

१४ मार्च
अंगणवाडी सुटल्यावर अभ्यास. बी.ए.चा पेपर मे महिन्यात, वाचन शून्य. आजचा धडा: गुन्हेगारी वर्तन शिकले जाते. जवळच्या माणसांत बसून-उठून शिकतात म्हणे. करायची रीतही आणि मनाला पटवायची कारणंही. उदाहरणं सगळी शहरातल्या टोळ्यांची. कंटाळा आला.
रानडुकरांनी पुन्हा मका लोळवला. हे रोज मचाणावर. डोळे लाल.

१७ मार्च
शेजारच्या शेताचे सुखदेवभाऊ आले, यांना पानठेल्यावर घेऊन गेले. हे उशिरा परतले. जेवताना एवढंच बोलले, की सुखदेवभाऊंच्या मक्याला डुक्कर शिवत नाही. का शिवत नाही ते गावाला ठाऊक आहे. रात्री बांधाला उघडी तार, तारेत करंट.

२० मार्च
सुखदेवभाऊंकडून हिस्सा आला. डुक्कर पडलं की घरोघरी मटण जातं. रांधलं. पोरांनी परत मागितलं. मीही खाल्लं. आता वनरक्षक दारात आला तर मी कोणत्या तोंडानं बोलणार? लाज वाटतेय.

२४ मार्च
कोठीमागे तारेचं भेंडोळं. विचारलं.
"आपन का चोरी करून राह्यलो? सारेच लावते."
शब्द सुखदेवभाऊंचे, 'सारेच'वरचा जोरही त्यांचाच. माणूस अडकला तर, म्हटलं. तर म्हणे अंधारात कोण फिरतंय, उजाडायच्या आत काढून घेतो. घरात साप निघाला तरी मारू न देणारा हा माणूस! राग आला, त्याहून जास्त भीती. पुस्तक उघडवत नाही.

२७ मार्च
मोहफुलं पडायला लागली. अंधारातच निघावं लागतं, नाहीतर गुरं खाऊन जातात. आमचं झाड मक्यापलीकडे.
हे म्हणाले, "आपल्या बांधानं जाऊ नको. सुखदेवच्या बांधानं जा, तो लवकर काढते."
गेले. टोपलं भरून आणलं. वाटेत पाय उचलून उचलून टाकत होते, वेड्यासारखी.

२८ मार्च
शेवंताबाई, सुखदेवभाऊंची बायको, नातवाचा खाऊ न्यायला अं.वाडीत आली. मोहाचा विषय निघाला. ती कुठून जाते विचारलं. आमच्या बांधानं. सुखदेवभाऊंनीच सांगितलंय.
"मनोहर लवकर काढते म्हने."
मनोहर म्हणजे आमचे हे. मी तिला यांचं बोलणं सांगितलं. "मंग लवकर कोनीच काढत नाही," ती म्हणाली. काल ती आमच्या तारेजवळून गेली, मी त्यांच्या. दोघी जिवंत आहोत, एवढंच. पोरं गाणी म्हणत होती, मला एक शब्द ऐकू येईना.

२९ मार्च
दोघीही गेलो नाही. फुलं गुरांनी खाल्ली. शेवंताबाईनं घरी विषय काढला, सुखदेवभाऊ जेवणावरून उठून गेले. यांना कसं सांगायचं, शब्द जुळवतेय...

३० मार्च
दिवे लागल्यावर बोलले. "उद्या मी अन् शेवंताबाई आपल्याच बांधानं जाऊन राह्यलो."
वाटलं चिडतील. किंवा तार टाकून देतील. निदान जाऊ नको म्हणतील.
 यांनी एवढंच विचारलं, "कितीले निघता?"
चारला, म्हटलं. यांनी तार काढायला मोबाइलवर साडेतीनचा अलार्म लावला, डबा घेतला, मचाणावर निघाले. इतक्या रात्रींचं जागरण अंगात आहे. जांभया देत गेले.
शेवंताबाई चारला हाक मारणार आहे.