आईच्या टीव्हीवर मी दिसू नये म्हणून

डॅलस, शुक्रवार सकाळ

तीर्थस्वरूप ड्वोराताईस,

धाकट्या मॉरीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द उगीच घातलेला नाही. या क्षणी मी हॉटेलच्या खोलीत पलंग आणि भिंत यांच्यामध्ये पालथा पडूनच हे लिहितोय. खाली रस्त्यावर माझे जुने मित्र माझ्या नावाचे फलक घेऊन उभे आहेत, आणि लॉबीत माझे नवे मित्र माझ्या नावाचे फलक घेऊन उभे आहेत. दोघांनाही मला भेटायचंय. मला दोघांनाही भेटायचं नाही.) तुझा गुडघा आता कसा आहे? शेळ्या व्याल्या का? नॉर्बर्ट दाजींना माझा नमस्कार सांग. माझ्या नावाने ते थुंकले तर तेही मला कळव, उगीच लपवू नकोस. मी इकडे खुशाल आहे असं पुढे लिहायची रीत आहे, पण आपल्यात खोटं कशाला? काल संध्याकाळी मी रिपब्लिकनांच्या अधिवेशनात, सगळ्या देशासमोर, टीव्हीवर भाषण ठोकलंय आणि तेव्हापासून माझी पाचावर धारण बसलीय. देशाचं सोड. आईने ते पाहिलंय.

मी बदललोय, डाव्याचा उजवा झालोय, हे तुला ठाऊक होतं. गेल्या थँक्सगिव्हिंगला मी तुला गोठ्यात नेऊन हळूच सांगितलं, तेव्हा तू तीन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. पण चौथ्या दिवशी बोललीस, कारण शेळीला धरायला माणूस लागत होता. आईचं तसं नाही. आईला माणूस लागत नाही. लाझरमामाचंच बघ ना. त्या सरकारी समितीने सिनेमावाल्यांना बोलावून कोण कोण कम्युनिस्ट ते सांगा म्हणून दरडावलं, तेव्हा आई तोंड मिटून बसली, काळ्या यादीत गेली आणि पुढची दहा वर्षं तिला कुणी एक संवादसुद्धा लिहायला दिला नाही. आणि मामाने तोंड उघडलं, नावं दिली, त्यात सख्ख्या बहिणीचंही दिलं. त्या दिवसापासून मामा आपल्या घरातून पुसला गेला. तो गेला तेव्हा मी आईला स्मशानात न्यायला गाडी घेऊन आलो होतो, आठवतं? आई पडद्याला काठ शिवत बसली होती. म्हणाली, कोण गेलं म्हणालास? आणि सुईत दोरा ओवला. ताई, तो दोरा पहिल्या फटक्यात ओवला गेला होता. मी तेव्हा मोठा नट होतो, माझी चित्रं पोरापोरींच्या खोल्यांत भिंतीवर लागलेली असायची, आणि मी त्या खोलीत दाराला टेकून उभा होतो.

तू विचारशील (विचारलं होतंसच, शेळ्या बुजतील इतक्या आवाजात) की हे झालं कसं. एका दिवसात झालं असतं तर मी डॉक्टरकडे गेलो असतो. टक्कल पडतं तसं झालं. रोज आरशात बघत होतो आणि रोज कालच्यासारखाच दिसत होतो. हॉलिवुडच्या डोंगरातल्या माझ्या घरात तेव्हा डझनभर क्रांतिकारक राहायचे, ते तुला आठवत असतील. (तुझी घोंगडी त्यांच्यातल्याच कुणीतरी नेली.) फ्रीजला कुलूप लावावं की नाही यावर एकदा दोन दिवस सभा चालली. मी लावावं म्हणालो, कारण आतलं सगळं मीच आणत होतो, तर मला आत्मपरीक्षण करायला बागेत बसवलं. बागही माझीच होती. यावर मी आजही हसतो. पण मग त्यांच्यातला कोवळा बेंजी गेला, त्याच घरात, पोहायच्या तलावाशेजारच्या खोलीत, नशेची सुई टोचून. आम्ही सगळे त्याला मोकळा जीव म्हणायचो, ज्याला जसं जगायचं तसं जगू द्या म्हणायचो. त्याचा कान पकडणारा एक माणूस त्या घरात नव्हता. मीही नव्हतो. त्याचं मला फार वाईट वाटतं, ताई, आणि तिथूनच मी हळूहळू कान पकडणाऱ्यांच्या बाजूला सरकत गेलो.

हॉलिवुडात हे उघड बोलायची सोय नाही. आमच्यासारखे काही लोक महिन्यातून एकदा एका खानावळीच्या मागच्या खोलीत जेवायचे. पडदे ओढलेले, गाड्या दोन गल्ल्या सोडून लावलेल्या, कुणी कुणाला आडनावाने हाक मारायची नाही, निघताना एकेकाने निघायचं. ही सगळी शिस्त त्यांना मी लावली. मला ती कुणी शिकवली ते तुला सांगायला नको, आपण दोघं लहानपणी जिन्यावर बसून आईच्या गुप्त बैठकांची राखण करायचो. एका म्हाताऱ्या काउबॉय नटाने माझी पाठ थोपटून विचारलं, हे कुठे शिकलास? मी म्हटलं, घरीच. आणि विषय बदलला. अधिवेशनाचं बोलावणं आलं तेव्हा मी नाही म्हणायला फोन उचलला होता. तोंडातून हो कसं गेलं मलाच कळलं नाही. पडदे ओढून जेवायला कंटाळलो असेन.

हो म्हटल्यावर मात्र आईचा टीव्ही आठवला. आई ज्या वृद्धाश्रमात आहे तिथे सगळे सिनेमातलेच म्हातारे, आणि टीव्ही एकच, दिवाणखान्यात. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी तो टीव्ही दुसऱ्या कशावर तरी लागलेला असला की आपण सुटलो, असा मी हिशेब केला. डॉजर्सची बेसबॉलची मॅच होती. तेवढी लावा म्हणून लाडीगोडी लावायला मी मंगळवारी एक मोठं पुडकं भरून पास्त्रामीचं मसालेदार मांस आणि राईचा पाव घेऊन गेलो. पण ताई, हे लोक आयुष्यभर युनियनमध्ये काढलेले. तिथे कुणी उठून बटण फिरवत नाही. रोज चार वाजता सभा भरते, कुठलं चॅनेल लावायचं त्याचा ठराव मांडला जातो, त्याला अनुमोदन लागतं, उपसूचना येतात, आणि मगच हात वर करून मत. अध्यक्ष म्हणजे टकमन, दिवेवाला, नव्वदीला टेकलेला, हातोडीऐवजी सुपाचा डाव आपटतो. त्याने आधी माझ्या पास्त्रामीला व्यवस्थापनाची लाच म्हणून जाहीर केलं. मग ती खाल्ली. मग मला सांगितलं की नातेवाइकाला बोलायचा हक्क आहे, मताचा नाही.

मी मॅच मांडली. टकमनने विचारलं, अधिवेशनाला तुझा विरोध का? इथे माझा घात झाला. त त प प करण्याऐवजी मी उभा राहिलो, आणि आई समोर बसलेली बघितल्यावर तोंडातून जुना मॉरी बाहेर पडला. सोळा वर्षांपूर्वी रस्त्यावर ट्रकच्या टपावर उभा राहून बोलायचो ते सगळं, शब्द न् शब्द. (एकदा पाठ केलेली भूमिका नटाच्या पोटातून जात नाही, मूळव्याधीसारखी असते.) हे रक्तपिपासू लोक, हे शेठजींचे पाळीव, यांचं तोंड आपल्या घरात दिसता कामा नये, लावा मॅच. ताई, इतकं चांगलं काम मी गेल्या पाच सिनेमांत केलेलं नाही. काठ्या आपटल्या गेल्या. एका कोपऱ्यातून गाणं सुरू झालं. एक जुनी शिंपीण रडायला लागली. आणि मी मनात म्हणतोय, जमलं, आता हात वर करा.

तेव्हा आई उठली. तिने शांतपणे मांडलं की भाषणकर्त्याने सांगितलं तितके हे लोक वाईट असतील, तर त्यांच्याकडे पाठ फिरवणं हा पळपुटेपणा आहे. सबब सर्व सभासदांनी गुरुवारी रात्रीचं जेवण लवकर उरकून, पुढच्या रांगेत एकत्र बसून, शेवटपर्यंत अधिवेशन पाहावं आणि एकेकाची हुर्यो उडवावी. टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर. ज्यांना खरोखर मॅच हवी होती त्यांनीसुद्धा हात वर केले, माझ्या भाषणाने भारावून. डाव आपटला, संपलं. मग आईने माझा गाल धरला, अगदी लहानपणी धरायची तसा, आणि म्हणाली, 'मॉरी, सगळे विकले गेले, तू नाही गेलास.' ताई, मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी म्हटलं, आई, मला ॲरिझोनात शूटिंग आहे. आणि सुटलो तो थेट विमानतळावर.

कालचं काय सांगू. समोर हजारो माणसं टोप्या घालून, आणि मला त्यांच्यातलं एकही तोंड दिसेना. मला फक्त कॅमेऱ्याचा लाल दिवा दिसत होता आणि त्या दिव्यात पुढच्या रांगेत बसलेली आई. घाबरलो की मी लिहिलेलं सोडून बोलतो, हे तुला माहीत आहेच. बेंजीबद्दल बोललो, ते लिहिलेलं होतं. पण मग कागद सोडून म्हणालो की, माझ्या आईने मला शिकवलं, तुझं मत जगाला आवडत नसलं तरी ते उभं राहून सांग आणि काय व्हायचं ते होऊ दे. पुढचं वाक्य टाळ्यांत बुडालं. सगळं सभागृह उभं राहिलं. फुगे सोडले. टेक्सासच्या तेलवाल्यांनी, पाद्र्यांनी, निवृत्त जनरलांनी उभं राहून आपल्या आईला, ब्रोना झेलनिकला, टाळ्या दिल्या. त्यांना तिचं नावही माहीत नाही. आणि ती त्याच क्षणी, आश्रमात, ठरावाप्रमाणे हुर्यो उडवत असणार. स्वतःचीच.

सकाळपासून फोन वाजलेला नाही. म्हणजे एजंटचा वाजला, पुढच्या दोन सिनेमांतून मला काढल्याचं त्याने रडत सांगितलं आणि मी 'बरं' म्हटलं. आईचा नाही. शेवटी मीच आश्रमात लावला तर टकमनने उचलला. 'बैठक चालू आहे,' एवढं म्हणाला आणि ठेवला. सकाळी कधी त्यांची बैठक असते का? कशावर चाललीय? मी पुसला गेलो असेन तर मला कोण कळवणार, त्याचीही काही पद्धत असेल ना? मामाला कुणी कळवलं होतं? मला माझ्या मतांची लाज नाही, ताई, ती मी मागे घेणार नाही, तेवढं ऐकून घे. पण मी सेहेचाळीस वर्षांचा घोडा झालो तरी तिने मला कोण मॉरी असं विचारलं, तर मला सहन होणार नाही.

मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझा धाकटा,
मॉरी

ता. क. या पत्राचं खरं कारण राहिलंच. तुला फोन केला तर दाजी उचलतील, म्हणून हे तातडीच्या टपालाने पाठवतोय; उद्या मिळताच तू आईला फोन कर. माझी बाजू घे असं म्हणत नाही, तू घेणारही नाहीस. मला शिव्याच दे, पण नाव घेऊन दे. माझं नाव कानावर पडल्यावर ती काय करते तेवढं मला कळव.

ता. क. २. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात तिचा फोन आला. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. आधी विचारलं, कुणी पैसे दिले? नाही म्हटलं. कुणी धमकावलं, काम जाईल म्हणून? मी म्हटलं, आई, काम बोलल्यामुळे गेलं. मग म्हणाली, 'लाझर भीतीपोटी बोलला. तू?' मी म्हटलं, 'भीतीपोटी गप्प होतो, आई. बोललो ते भीतीपोटी नाही.'  मग म्हणाली, 'रविवारी ये. तुझं सगळंच्या सगळं चुकलेलं आहे आणि ते मी तुला एकेक करून दाखवणार आहे. पुष्कळ वेळ लागेल. घरून जेवून ये.'

ता. क. ३. ताई, आपली आई मला म्हणाली, जेवून ये. काळ्या यादीच्या दिवसांत, घरात दोन बटाटे असताना, पाळत ठेवायला आलेल्या सरकारी माणसालाही तिने उपाशी जाऊ दिलं नव्हतं. मला फार भीती वाटते. फोन राहू दे, तू शेळ्या दाजींवर सोड आणि तू स्वतःच ये. तू येणार म्हटलं की ती खोलीतल्या चोरट्या शेगडीवर सूप करेल. आणि एकदा सूप केलं की आपल्या दोघांपैकी एकालाच वाढणं तिला जमायचं नाही. जमेल का? तू ये.