माझ्या पायाखालचा ब्रेक

प्रिय भिंगरी,

इतक्या काळाने फोनवर तुझा आवाज ऐकला आणि आधी वाटलं, चुकून लागला असेल. चुकून नव्हता. तुझ्या व्यायामाच्या क्लासचा वर्धापनदिन आहे, मोठा हॉल घेतला आहेस, मी पहिल्या रांगेत बसायचं आणि शेवटी उठून दोन शब्द बोलायचे. तेही तुझ्या क्लासच्या फलकावरच्या माझ्या फोटोतल्या पिवळ्या ड्रेसमध्येच. तो अजून होतो का, हे तू आवर्जून विचारलंस. तब्येत कशी आहे, हे विचारायचं मात्र राहून गेलं. असो. ड्रेस होतो, थोडा सैलच होतो.

तुला आठवतं का, शाळेत पोटात कळा सुरू झाल्या की मी शेवटच्या बाकावर मुटकुळं करून पडायचे. बाई म्हणायच्या, गणिताचा तास आला की हिला बरोबर दुखतं. आई म्हणायची, बाईच्या जातीला हे असायचंच, लग्न झालं की थांबेल. लग्न झालं, मोडलंही, दुखणं तेवढं एकनिष्ठ राहिलं. तेव्हा एक तूच होतीस जिने कधी शंका घेतली नाही. बाटलीत गरम पाणी आणायचीस, स्वतःच्या स्वेटरमध्ये गुंडाळून माझ्या पोटावर धरायचीस आणि कोणी हसलं तर त्याच्या अंगावर धावून जायचीस. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की ही सांगेल ते खरं. म्हणून तर माझा राग शमत नाही. परक्या माणसाने फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

पुढे दुखण्याला नाव मिळालं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेरच वाढतं आणि दर महिन्याला तिथेही आग पेटते. माझ्या एका ओव्हरीवर तर गाठ झाली होती. तिला डॉक्टर लोक चॉकलेट सिस्ट म्हणतात. इतकं गोड नाव ठेवणारा नक्की पुरुष असणार. दुर्बिणीतून काढू, फार लांबवू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्याच सुमारास तू सायकलच्या दुकानावरच्या खोलीत क्लास सुरू केलास.

खोटं बोलणार नाही, गुण आला. पोटावर शेक, संथ श्वास, गुडघे छातीशी घेऊन पडून राहणं, सकाळचं चालणं, वेळेवर झोप. दिवसभर गाडी शिकणाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांचे हिसके खायचे म्हणजे पोटाला शिक्षाच, तरी मी संध्याकाळी न थांबता जिना चढायला लागले. तू फोटो काढलास तेव्हा मी खरंच हसत होते. पण फलकावर त्याखाली ‘ऑपरेशन टळलं!’ हे तू लिहिलंस. टळलं कुठे होतं? तुझ्या सांगण्यावरून मी ते ढकललं होतं. सुरी लागली की शरीर रुसतं, असं तू म्हणायचीस. पुन्हा दुखायला लागलं तेव्हा म्हणालीस, तू मनात शंका धरतेस म्हणून दुखतं. म्हणजे कमी झालं तर तुझी किमया, वाढलं तर माझा दोष. छान आहे धंदा, बुडायची भीतीच नाही.

मग तो दिवस आला. चौकात शिंपीणकाकू स्टिअरिंग धरून बसल्या होत्या आणि माझ्या पोटात काहीतरी फुटलं. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो, ज्याची तू चेष्टा करायचीस आणि मला कासव म्हणायचीस. तो दाबता आला म्हणून समोरचा सायकलवाला वाचला. जन्मात पहिला गिअर न सोडलेल्या काकूंनी त्याच गिअरमध्ये, हॉर्नवरचा हात न काढता, मला दवाखान्यात नेलं. गाठ फुटली होती. ती ओव्हरी काढावी लागली. शुद्धीवर आले तेव्हा तू उशाशी होतीस. वाटलं, रडशील. तू वाकून कानात म्हणालीस, “बाहेर बोलू नकोस हं, लोकांचा उगाच विश्वास उडतो.” मी मिठाची गुळणी धरली. का धरली, ते त्या गरम पाण्याच्या बाटलीला विचार.

आज मी बरी आहे म्हणजे जगण्यापुरती बरी आहे. ऑपरेशन झालं, गोळ्या चालू आहेत आणि रोज सकाळी तुझेच व्यायाम करते. सगळं मिळून भागतं, एकट्या कशाने भागलं नाही. तुझ्या फलकाखालून जायची वेळ आली की मात्र रस्ता बदलते. तुझा क्लास तुझ्या डोळ्यांदेखत रिकामा व्हावा असं मला कितीदा वाटलं, आजही वाटतं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

आता खरं कारण सांगते. गेल्या आठवड्यात एका शिकाऊ मुलीने मध्येच गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून कण्हायला लागली. तेच दुखणं, तशीच गाठ. तिने ऑपरेशनची तारीख रद्द केली आहे. कारण मी. फलकावरची बाई गाडी शिकवते हे कळलं म्हणून ती मुद्दाम माझ्याकडे आली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तुमच्या मनात शंका असेल.” तुझंच वाक्य, अगदी तुझ्या सुरात. फलकावरच्या माझ्या तोंडाने दिलेल्या थापेपुढे माझंच तोंड खोटं पडलं. ती आता फक्त तुझं ऐकेल. म्हणून पहिल्या रांगेत दोन खुर्च्या ठेव, मी तिला घेऊन येते आहे, पिवळ्या ड्रेसमध्ये. माझ्याआधी तू ऊठ आणि माझी गाठ फुटली, हे सगळ्यांसमोर स्वतः सांग. सांगितलंस तर मी शेकाचं आणि श्वासाचं मनापासून कौतुक करून खाली बसेन. गाडी शिकवताना मी शिकणाऱ्याला आधी त्याचा ब्रेक दाबायची संधी देते. त्याने नाही दाबला, तर माझा पाय तयारच असतो.

अजूनही तुझीच,
कासव