टँकमधली शेवटची गोगलगाय

सोमवार, २ तारीख

आले एकदाची सासरी! दुसरेपणाची बायको म्हणून नाक मुरडणाऱ्या आमच्या आत्याला इथला हॉल दाखवायला हवा. भिंतभर फिशटँक, त्यात सोनेरी मासे, हिरवीगार झुडपं आणि तळाला पक्कं चिकटवलेलं एक वाळकं खोड. माणसं मोजकीच. सासूबाई, नवरोबा, छापखान्यात काम करणारे भाऊजी आणि नवरोबांची पहिलीत शिकणारी लेक, चिमणी. ती मला चक्क 'अहो' म्हणते आणि दाराआडून बघते. हिला आपलंसं करायचंच, बाकी संसार गेला उडत. तोंडाने मी फटकळ आहे, पण पोरांपुढे माझं काही चालत नाही.

गुरुवार, ५

टँकमध्ये गोगलगायी आहेत. तांदळाएवढ्या, शेंगदाण्याएवढ्या, काही तर सुपारीएवढ्या. काचेवर त्यांच्या अंड्यांचे चिकट ठिपके. शी! सासूबाई म्हणाल्या, त्या घरातल्याच आहेत, त्यांना हात लावायचा नाही. का, ते सांगेनात. घरातल्या आहेत तर त्यांची पण पानं वाढू का, हे अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. सासूबाई अंघोळीला गेल्यावर एक बारकी काचेवरच अंगठ्याने चिरडली. कट्कन फुटली. माशांनी तुकडे मटकावले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात आत भाऊजी बोंबलले. दारात बोट चेमटून नख मुळापासून उपटलं होतं. मीच पट्टी बांधली.

शनिवार, ७

टँकचे मासे विकणाऱ्या दुकानातल्या मासेवाल्याने युक्ती सांगितली होती. काकडीचा काप दोऱ्याला बांधून रात्रभर टँकमध्ये सोडायचा. सकाळी कापावर बारक्या गोगलगायींचा नुसता बुजबुजाट! चिमणीने हौसेने बादली धरली. काप बादलीत टाकला आणि तिला लांब सरकवून वरून उकळतं पाणी ओतलं. फेस आला, शंख तडकले. आम्ही दोघी हसलो, पहिल्यांदाच.

आणि बाथरूममधून नवरोबांची किंकाळी. गीझरचं कढत पाणी अंगावर आलं होतं. पाठीची कातडी टॉवेलला चिकटून निघाली. त्यांना दवाखान्यात ठेवलंय. सासूबाईंनी माझा दंड धरून विचारलं, गोगलगायींना हात लावलास का? मी साफ नाही म्हणाले.

मंगळवार, १०

दुकानातून गोगलगायी खाणारा मासा आणला. काळे-पिवळे पट्टे, लांब नाक. मासेवाला म्हणाला, शंखात नाक घालून आतलं मांस ओढून काढतो, एकही सोडत नाही. चिमणीने त्याचं नाव ठेवलं वाघोबा. मी पिशवी उघडून त्याला पाण्यात सोडलं, तेव्हा ती माझ्या पाठीला चिकटून, आई, मला दिसत नाही, म्हणाली. आई! मला इतका आनंद झाला की स्वयंपाकघरात जाऊन रडून आले.

बुधवार, ११

वाघोबा खाताना टक् टक् असा आवाज करतो. आज शेंगदाण्याएवढी एक खाल्ली. टक्. पाठोपाठ छापखान्यातून फोन. भाऊजींचा हात यंत्रात गेला, कोपरापर्यंत. खाली हाडच उरलं नाही म्हणे.

सासूबाईंनी माझे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. मग स्वतःच खाली बसल्या आणि बोलल्या. या टँकमधल्या जिवांना या घरातली माणसं बांधलेली आहेत. बारकी मेली तर नख जातं, मोठी मेली तर माणूस जातं. आधी का नाही सांगितलं, म्हणून मी ओरडले. सांगितलं असतं तर तू मलाच वेडी ठरवलं असतंस, म्हणाल्या. ठरवलंच असतं.

जाळी घेऊन वाघोबाच्या मागे लागले. तो खोडात दडतो. उरलेल्या गोगलगायीही खोडाच्या भोकांत शिरल्यात, हाताला लागत नाहीत.

गुरुवार, १२

दिवसभर जाळी मारतेय. सापडत नाही. हात सोलून निघाले.

दुपारी— टक्.

सासूबाईंवर कपाट कोसळलं. मी उचलायला गेले तर डोक्याच्या जागी— फरशी पुसली. पुन्हा पुसली. जात नाही. माझ्यामुळे. माझ्या या हातांमुळे.

शुक्रवार, १३, सकाळ

तळाशी रिकामे शंखच शंख. दवाखान्यातून फोन. भाऊजी गेले. मी फोन ठेवते न ठेवते तोच टक्— परत फोन. नवरा. झोपेतच तोंडातून रक्ताची गुळणी आणि—

दुपार

एकच उरली आहे. खोडाच्या भोकात. माझं बोट आत जात नाही. त्याचं नाक जातं. खोड उपटलं तर तीच चिरडेल.

घरातही एकच उरली आहे. चिमणी. तिच्या अंगावर अजून ओरखडासुद्धा नाही.

तिला स्टुलावर बसवलंय. हलू नकोस म्हटलंय. आता पकडतेच मेल्याला.

नंतर

सापडला! फरशीवर आपटला. लाटण्याने एक घाव घातला, जीव खाऊन—

माझ्याच बरगड्या. कडकन. आतल्या आत.

त्याला मी आणलं. मी सोडलं. तो म्हणजे मीच—

तो तडफडतोय. श्वास येत नाही— त्याला नाही, मला नाही— तोंडात रक्त— आवाज फुटत नाही

चिमणीला कळलंय. उचलला तिने. आई मरतेय म्हणून पाण्यात सोडायला निघाली. स्टूल काचेला लावलं— वर चढली—

वही दाखवते. मोठ्या अक्षरात. अक्षरं जुळवून वाचते ती, हळूहळू

चिमणे इकडे बघ

टँकमध्ये नको

तो तुला खाईल

बादलीत सोड बाळा बाद